लिनक्स सुरू होत नाही, म्हणून डिस्क पुसू नका

काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ उमटलं की डिस्क गेली, फायली गेल्या असंच बहुतेकांना वाटतं. खरं तर ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, पहिला तुकडा चालला म्हणूनच हा संदेश दिसतो. अडलेलं असतं ते पुढचं: ग्रबचे उरलेले भाग ज्या पार्टिशनवर आहेत, ते त्याला सापडत नाही. कुणीतरी पार्टिशन काढलं किंवा हलवलं की असं होतं. ‘होम’मधल्या फायली सहसा जिथल्या तिथे असतात.

त्या खरोखर जातात पुढच्या सल्ल्याने: ‘फॉरमॅट मारून नवीन टाका!’ त्याऐवजी लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करा आणि आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर पासवर्ड हवाच. मग त्याच यूएसबीवरून जुनं पार्टिशन माउंट करून, सीएचरूटने आत शिरून ग्रब पुन्हा बसवता येतो.

‘विंडोजने लिनक्स उडवलं’ ही तक्रार निम्मी खरी. यूईएफआय फर्मवेअर असलेल्या संगणकावर विंडोज बहुधा बूटच्या क्रमात स्वतःला पहिलं लावतं. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये क्रम बदलला की काम झालं. पण ऑगस्ट 2024 मध्ये दोष खरोखरच विंडोजचा होता. त्या महिन्याच्या सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही प्रणाली असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. सिक्युअर बूट बंद केल्यावर मात्र होत होतं.

अपडेटनंतर अडलं, तरी सगळं संपलेलं नसतं. उबुंटू जुना कर्नल ठेवून देतं. सुरू होताना शिफ्ट, किंवा यूईएफआय असेल तर एस्केप, दाबून मेनू आणा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. अपडेटशिवायही अडू शकतं: काढून टाकलेल्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये, म्हणजे माउंट करायच्या डिस्कच्या यादीत, राहिली तर सेवा सुरू करणारं सिस्टमडी दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. दुरुस्ती एका ओळीची!

फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं एफएससीके मात्र रामबाण नाही. माउंट केलेल्या पार्टिशनवर ते चालवलं, तर धडधाकट फाइल सिस्टिमही बिघडू शकते. डिस्कच टकटक आवाज करत असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी डीडीरेस्क्यूने तिची प्रत काढावी. डेटा मोलाचा असेल तर संगणक बंद करून जाणकाराकडेच न्यावा.

आणि मदत मागताना नुसतं ‘लिनक्स चालत नाही’ म्हणू नका. स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळींचा स्पष्ट फोटो पाठवा.