पाच पानांचा फॉर्म आणि काकूंचा चहा

पीएचडीच्या पहिल्या फील्डवर्कमध्ये मी घरोघरी जाऊन विहिरींच्या पाण्याची माहिती घेत होते. पाच पानांचा वेब फॉर्म मीच पीएचपीमध्ये लिहिला होता. एका घरी तीन पानं भरून झाली आणि काकू म्हणाल्या, "थांब, चहा टाकते." चहा झाला, शेजारच्या आटलेल्या विहिरीचा विषय निघाला, अर्धा तास सहज गेला. नेटवर्क होतं, टॅबही चार्ज होता. मी 'पुढे' दाबलं आणि थेट पहिलं पान! काकू म्हणाल्या, "आता सगळं परत सांगायचं का गं?"

तुम्हीही संशोधनासाठी असा फॉर्म बनवणार असाल, तर माझी चूक नीट समजून घ्या.

एचटीटीपीला स्मरणशक्ती नसते. तुम्ही 'पुढे' दाबलं की सर्व्हरवर 'मुलाखत' हे ऑब्जेक्ट तयार होतं आणि पान पाठवून झालं की नाहीसं होतं. पुढच्या क्लिकला तुम्ही पुन्हा अनोळखी. त्यामुळे आधीची उत्तरं कुठेतरी ठेवावीच लागतात. त्यासाठी जागा तीन.

१. लपवलेली फील्ड्स. उत्तरं ब्राउझरकडे जातात आणि परत येतात. टॅब बंद झाला की संपलं. शिवाय ब्राउझरमध्ये ती बदलता येतात.

२. सेशन. मी हेच वापरलं होतं. पण पीएचपीमध्ये सेशनच्या डेटाचं डीफॉल्ट आयुष्य १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असतं. त्यानंतर तो कचरा समजून कधीही साफ होऊ शकतो. चहाला अर्धा तास लागला होता! जँगोमध्ये डीफॉल्ट मुदत दोन आठवडे असते, पण मुदत वाढवली म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही. सेशन ही तात्पुरती जागा आहे.

३. डेटाबेस. पहिलं पान सादर होताच एक ओळ तयार करा आणि प्रत्येक पानानंतर तीच ओळ अपडेट करा. सेशनमध्ये फक्त त्या ओळीचा आयडी ठेवा. सेशन गेलं तरी लॉगिन करून अर्धवट मुलाखत पुन्हा उघडता येते.

इथे एक अडचण येते. अर्धवट ओळीत बरेच रकाने रिकामे असणार, मग 'नॉट नल' हा नियम लावायचा कसा? त्यासाठी 'स्थिती' नावाचा वेगळा रकाना घ्या: मसुदा किंवा सादर. प्रत्येक पानावर फक्त त्या पानाची तपासणी करा. संपूर्ण तपासणी 'सादर' होताना करा, आणि डेटाबेसमध्येही चेक कन्स्ट्रेंट लावा: स्थिती मसुदा असेल तर रिकामं चालेल, नाहीतर नाही. (मायएसक्यूएल वापरत असाल तर सांभाळा. ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या हा नियम वाचतात, पण पाळत नाहीत.)

दोन टॅबमध्ये एकच मुलाखत उघडली तर? ओळीत 'आवृत्ती' क्रमांक ठेवा. अपडेट करताना "मी वाचलेलीच आवृत्ती अजून असेल तरच बदल" अशी अट घाला आणि क्रमांक एकने वाढवा. शून्य ओळी बदलल्या, तर मधे कुणीतरी हात लावलाय. शेवटचं बटण दोनदा दाबलं गेलं तर? "स्थिती मसुदा असेल तरच सादर कर" ही एक अट पुरते.

आता संशोधक म्हणून सगळ्यात महत्त्वाचं. 'टप्पा' हा रकानाही ठेवा, म्हणजे मुलाखत कुठल्या पानापर्यंत पोचली ते कळेल. चौथ्या पानावरचं "पाणी उकळता का?" हे उत्तर रिकामं असेल, तर काकूंनी सांगायचं टाळलं, की तो प्रश्न विचारलाच गेला नाही? डेटाबेसमधलं 'नल' दोन्हीकडे सारखंच दिसतं. विश्लेषणात दोन्ही एकाच टोपलीत गेले, तर निष्कर्ष चुकू शकतो, आणि कोड मात्र एकही एरर देणार नाही. कुणी मधेच संमती मागे घेतली, तर तो मसुदा कोणता आणि त्याचं काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवा.

प्रत्यक्ष गावात जाण्याआधी एक चाचणी नक्की करा. तिसऱ्या पानावर टॅब बंद करा, चहा प्या, तासाभराने या. फॉर्म तिसऱ्याच पानावर उघडला, तर निघा.

काकूंनी मला सगळं पुन्हा सांगितलं. पण विहिरीची खोली दुसऱ्यांदा वेगळी सांगितली, आणि पहिला आकडा माझ्याकडे उरलाच नव्हता.