तालमीतला उजेड आणि पन्हाळ्यावरचं ऊन

कोल्हापुरातल्या जुन्या तालमीत फोटो काढायला गेलं की पहिली अडचण उजेडाची येते. भिंती जाड, खिडक्या लहान आणि उंचावर, मधोमध लाल मातीचा हौदा आणि वर एखादी ट्यूबलाइट. पहाटे जोर-बैठका सुरू होतात तेव्हा बाहेरही उजाडलेलं नसतं. आयएसओ ६४०० पर्यंत चढवला तर फोटो निघतो, पण पैलवानाच्या पाठीचा घाट, खांद्याची गोलाई, घामावर चिकटलेली माती यांतलं काहीच त्यात उतरत नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश लावून समोरून मारला तर आणखी वाईट. सावल्याच पुसल्या जातात, अंग सपाट दिसतं, मागची भिंत काळी पडते.

तोच फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा आणि हौद्याच्या कडेला, पैलवानाच्या खांद्याच्या थोडा मागे, डोक्याच्या वर दोन हात उंचीवर स्टँडवर उभा करा. पाठीचा प्रत्येक स्नायू वेगळा दिसायला लागतो. उडालेल्या मातीचे कण हवेत थांबलेले दिसतात. माझं पोट लग्नांच्या फोटोंवर चालतं आणि तालमीत मी हौसेनं जातो, पण प्रकाश बाजूनं येऊ द्यावा हा धडा दोन्हीकडे एकच आहे. म्हणून स्टुडिओत येणारी मुलं ‘कोणता फ्लॅश घेऊ?’ असं विचारतात तेव्हा मी कंपनीचं नाव सांगत नाही. ‘दिवा कुठं उभा करणार आहेस?’ एवढंच विचारतो. उत्तर तालीम असेल तर खरेदी वेगळी आणि पन्हाळ्यावर भर दुपारचं प्री-वेडिंग असेल तर वेगळी.

फ्लॅशच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो. त्याला गाइड नंबर म्हणतात. त्याचा हिशेब सोपा आहे. आयएसओ १०० धरून, फ्लॅशपासून माणसापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि त्या आकड्याला अंतरानं भागायचं. येतं ते अ‍ॅपर्चर. बहुतेक चांगल्या फ्लॅशवर ६० छापलेलं असतं. पण हे ६० फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरपर्यंत झूम केलेलं असतानाचं, म्हणजे सगळा प्रकाश अरुंद झोतात कोंबल्यावरचं. कॅननच्या ६००ईएक्स-आरटीच्या तक्त्यात २०० मिलिमीटरला ६० आहे आणि ३५ मिलिमीटरला ३६. आपण छत्रीत किंवा सॉफ्टबॉक्समध्ये फ्लॅश मारतो तेव्हा प्रकाश पसरवावाच लागतो. तेव्हा हिशेबाला ३६ धरा. छत्री साधारण दोन स्टॉप खाते, म्हणजे प्रकाश चौथा हिस्सा उरतो, आकडा निम्मा होतो आणि हातात उरतात १८. दुकानात दोन फ्लॅशची तुलना करताना आकडा कोणत्या झूमला दिलाय हे आधी वाचा. नाहीतर ३५ मिलिमीटरचा प्रामाणिक आकडा देणारा फ्लॅश उगाच दुबळा वाटतो.

आता हे १८ तालमीत नेऊ. आयएसओ ४०० केला की गाइड नंबर दुप्पट होतो, ३६. अंतर तीन मीटर, अ‍ॅपर्चर एफ/५.६. हिशेब मांडला तर फ्लॅशच्या पूर्ण ताकदीचा चौथा हिस्सा पुरतो. छत्री काढून उघडा फ्लॅश मारला तर सोळावा हिस्सासुद्धा चालतो. म्हणजे चार सेलवर चालणारा साधा फ्लॅश तालमीत आरामात काम करतो आणि वर ताकद शिल्लक ठेवतो. ही शिल्लक फार मोलाची. कमी ताकदीला फ्लॅश लवकर भरतो, आणि त्याचा लखलखाटही आखूड होतो. पूर्ण ताकदीला तो साधारण सेकंदाच्या तीनशेव्या भागाएवढा टिकतो. अगदी खालच्या ताकदीला वीस हजाराव्या भागापर्यंत येतो. हवेतली माती थिजवण्याचं काम शटर करत नाही, हा आखूड लखलखाट करतो. अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकापासून याच तत्त्वावर दुधाचे थेंब आणि बंदुकीच्या गोळ्या फोटोत थांबवून दाखवल्या. आज तीच किमया कुणाच्याही खांद्यावरच्या पिशवीत मावते, याचा मला अजूनही आनंद होतो.

आता पन्हाळा. तबक उद्यानाजवळ किंवा तटावर, उन्हाळ्यातली दुपार. आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं तर स्वच्छ उन्हाला एफ/११ लागतं. शटर याहून फार वेगवान करता येत नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे राहत नाहीत आणि फोटोवर काळा पट्टा येतो. हिशेब परत मांडा: १८ भागिले ११, म्हणजे १.६ मीटर. छत्री जोडप्यापासून जेमतेम पाच फुटांवर आणि फ्लॅश पूर्ण ताकदीवर. चेहऱ्याचा जवळचा फोटो होईल, पण नऊवारी आणि मागची तटबंदी दोन्ही दाखवायची तर छत्रीच चौकटीत घुसेल. शिवाय पूर्ण ताकदीवर सतत मारत राहिलं की फ्लॅश तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी थांबून बसतो.

इथं ताकद विकत घ्यावी लागते. ती वॅट-सेकंदात मोजतात. कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश साधारण ६० ते ७५ वॅट-सेकंदांचा. गोडॉक्स कंपनीचा एडी२०० हा विटेएवढा दिवा २०० चा. त्यानं दीड स्टॉप वाढतो आणि वरचे पाच फूट नवावर जातात. ६०० वॅट-सेकंदांचे दिवे तीन स्टॉप वाढवतात, पण ते उचलायला आणि वाऱ्यात धरून ठेवायला सोबत माणूस लागतो. गडावर वारा किती असतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. उघडलेली छत्री तिथं शिडासारखी फुगते. उन्हातल्या कामासाठी माझा कौल २०० वाल्याला आहे. एकटा माणूस तो गडावर वाहून नेऊ शकतो, आणि बॅटरी आतच असल्यानं वायरीचा पसारा नाही.

हाय स्पीड सिंकबद्दल मुलं फार उत्साहानं विचारतात. त्यानं १/३२०० ला एफ/२.८ वर फ्लॅश मारता येतो आणि मागचं सगळं मऊ होतं, हे खरं. पण त्यासाठी फ्लॅशला एका झटक्याऐवजी तुकड्या-तुकड्यांनी सतत प्रकाश द्यावा लागतो आणि दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त ताकद जाते. सोय म्हणून ठीक. ताकद म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. ताकद वाढवण्याचा फुकटचा उपाय मात्र एक आहे: दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट मिळतो.

ताकदीनंतरची निवड माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. कॅमेरा फ्लॅशला ‘पेट’ हे सांगणार कसा? प्रकाशाच्या इशाऱ्यावर पेटणारे स्वस्त फ्लॅश मिळतात. त्यांच्यावर एस१, एस२ असे पर्याय असतात. मंगल कार्यालयात ते कामाचे नाहीत: पाहुण्यांतला कुणीही फ्लॅश मारला की आपलाही पेटतो आणि नेमका अंतरपाट दूर होताना तो भरत असतो. उन्हात तर इशाराच नीट पोचत नाही. त्यामुळे रेडिओवर चालणारा, आणि रिसीव्हर फ्लॅशच्या आतच असलेला फ्लॅश घ्या. एकदा एका कंपनीची रेडिओ पद्धत निवडली की पुढची सगळी खरेदी तिच्यातच होते, म्हणून पहिला फ्लॅश घेतानाच दुसऱ्या-तिसऱ्याचा विचार करा. तालमीला घेतलेला लहान फ्लॅश आणि पुढं घेतलेला २०० चा दिवा एकाच ट्रिगरवर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून रेडिओनं इशारा देणाऱ्या डबीवर, चालले पाहिजेत. गोडॉक्सची खुबी हीच आहे. तिचे लहान-मोठे बहुतेक दिवे एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पद्धतीवर बोलतात, आणि कॅमेरा कॅननचा, निकॉनचा की सोनीचा हा प्रश्न फक्त ट्रिगर घेताना येतो.

तो प्रश्न मात्र काळजीनं सोडवा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश किंवा ट्रिगर बसवायच्या डोक्यावरच्या खाचेत, मधला गोल संपर्कबिंदू दिलेलाच नाही. आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात बहुधा यांतलाच एखादा कॅमेरा असतो. साधा एका बिंदूवर चालणारा स्वस्त ट्रिगर यावर पेटतच नाही आणि मुलांना वाटतं फ्लॅश खराब निघाला. अशा कॅमेऱ्याला खास कॅननसाठी बनवलेला आणि या मॉडेलवर चालतो अशी खात्री केलेलाच ट्रिगर लागतो.

टीटीएल हवं का? कॅमेऱ्यानं आपोआप ताकद ठरवण्याची ही सोय वरातीत उपयोगी पडते, कारण तिथं अंतर क्षणाक्षणाला बदलतं. तालमीत आणि पोर्ट्रेटमध्ये दिवा आणि माणूस यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. तिथं एकदा ताकद लावली की शंभर फोटो सारखे येतात, आणि टीटीएल काळ्या लंगोटापेक्षा पांढऱ्या सदऱ्याला वेगळा प्रकाश देऊन घोळ घालतं. शिकणाऱ्यानं मॅन्युअलच घ्यावा. पैसे वाचतात हा लहान फायदा. प्रकाशाचं गणित हातात बसतं हा मोठा.

बॅटरीचं थोडक्यात. चार सेलवाला फ्लॅश घेतलात तर चांगले निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या, दोन संच. ते खेड्यातही चार्ज करता येतात आणि अडलंच तर किराणा दुकानातले साधे सेलही वेळ मारून नेतात. लग्नाचं काम नियमित असेल तर लिथियम पॅकचा फ्लॅश घ्या. तो पूर्ण ताकदीनंतरही दीड-दोन सेकंदांत भरतो, आणि मंगलाष्टकांत अक्षता पडताना तेवढाच वेळ मिळतो. त्या मॉडेलचा सुटा पॅक बाजारात मिळतो का, हे आधी बघा. विमानानं जाताना सुटे लिथियम पॅक हातातल्या बॅगेत ठेवा.

घरच्या कपाटात वडिलांचा फिल्मच्या काळातला फ्लॅश असेल तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर थेट चढवू नका. अशा काही फ्लॅशच्या संपर्कबिंदूवर शंभर-दोनशे व्होल्ट असतात आणि कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. उघडून दुरुस्त करायच्या फंदातही पडू नका. आतला कपॅसिटर सुमारे तीनशे व्होल्टचा असतो आणि बंद केल्यावरही भार धरून ठेवतो.

या सगळ्या खटाटोपामागे माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती इथं सांगतो. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बममध्ये सावळ्या मुली पांढऱ्याफटक दिसतात. समोरून मारलेला फ्लॅश त्वचेवर आपटून सरळ परत येतो, कपाळ आणि नाक चमकतं आणि बाकीचं काम नंतर संगणकावर रंग उजळून केलं जातं. बाजूनं, मोठ्या छत्रीतून आलेला प्रकाश सावळ्या त्वचेवर सरकतो, तिची तकाकी दाखवतो, गालाचा उतार दाखवतो. हळदीच्या दिवशी तर ती त्वचा तांब्यासारखी दिसते. ती मुलगी जशी आहे तशी सुंदर दिसावी, हे फोटोग्राफरचं काम आहे आणि त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. तालमीतल्या पैलवानालाही हेच लागू. त्यानं वर्षानुवर्षं कमावलेलं अंग सपाट करून दाखवणं हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे. तालमीत जाल तेव्हा आधी वस्तादांची परवानगी घ्या, चप्पल बाहेर काढा आणि लढत चालू असताना समोरून डोळ्यांवर फ्लॅश मारू नका.

पैशांची विभागणी अशी करा. कॅमेऱ्याच्याच कंपनीच्या सर्वांत वरच्या फ्लॅशला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात रेडिओ रिसीव्हरवाला साधा मॅन्युअल फ्लॅश, त्याच कंपनीचा ट्रिगर, सहा-सात फुटांचं स्टँड, फ्लॅश आणि छत्री धरणारा ब्रॅकेट, पांढरी छत्री आणि सेल हे सगळं येतं, वर पैसेही उरतात. उरलेले पैसे लगेच खर्च करू नका. सहा महिने एकाच दिव्यावर काम करा. या काळात ताकद सारखी कमी पडली तर पुढचा दिवा २०० चा घ्या. ताकद पुरली पण मागची बाजू काळी राहते असं वाटलं तर तसाच दुसरा लहान फ्लॅश घ्या. मुंबईच्या बोरा बाजारात घ्या की आपल्या गावच्या ओळखीच्या दुकानात, पण जाताना स्वतःचा कॅमेरा सोबत न्या. ट्रिगर त्यावर चढवून, फ्लॅश दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, पूर्ण ताकदीवर लागोपाठ दहा वेळा पेटवून बघा आणि मगच पैसे द्या.