नकाशावरचे मैदान आणि सातबाऱ्यावरचे मैदान

कळमेश्वर नागपूरच्या जवळ, रेल्वेच्या मार्गावर, संत्र्याच्या पट्ट्यात आणि एमआयडीसीच्या शेजारी वसलेले आहे. अशा गावात जमिनीचा भाव कापडाच्या भावापेक्षा लवकर चढतो. कारखाना आला की वस्ती वाढते, वस्ती वाढली की प्लॉट पडतात आणि पहिला घाला मोकळ्या जागेवर येतो. मोकळी जागा म्हणजे केवळ मुलांचे खेळाचे मैदान नव्हे. आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून चादरी, लुंग्या, तयार कपडे विकणाऱ्याचे तेच दुकान असते. गादीवाल्याला कापूस पिंजायला आणि रंगाऱ्याला कापड वाळवायला तीच जागा लागते. आम्ही ठोक कापडवाले पक्क्या दुकानात बसतो हे खरे, पण आमचा उधारीचा माल शेवटी त्याच ताडपत्रीवर विकला जातो. बाजार उठला तर आमची वसुलीही उठते.

आपल्या व्यापारी बांधवांत एक समज पक्का आहे. जागा विकास आराखड्यात बाजारासाठी, बागेसाठी किंवा दफनभूमीसाठी आरक्षित दाखवली की आता तिला कोणी हात लावू शकत नाही, असे ते मानतात. हा समज घातक आहे. आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग. जमीन मालकाचीच राहते आणि सातबाऱ्यावर नावही त्याचेच राहते. नगरपरिषदेला ती मिळवावी लागते.

मिळवण्याचे तीन मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 मध्ये दिले आहेत. मालकाशी बोलणी करून पैसे देणे, हा पहिला. पैशाऐवजी जादा बांधकामाचा हक्क म्हणजे एफएसआय किंवा टीडीआर देणे, हा दुसरा. सरकारमार्फत सक्तीने भूसंपादन करणे, हा तिसरा. 2013 चा नवा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात शहरी जमिनीलाही बाजारभावावर तेवढीच आणखी दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे किंमत दुप्पट झाली. पगार, पाणी आणि दिवाबत्तीतच जिचा पैसा संपतो, त्या लहान नगरपरिषदेने ही रक्कम कोठून आणावी? टीडीआरचा मार्ग मोठ्या शहरात चालतो. पुण्यात 23 गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकून मोबदल्यात टीडीआर देण्याचे ठरले, तरी तेथे वर्षानुवर्षे वाद चालू राहिला. आमच्यासारख्या गावात दोन मजल्यांवर घर चढवणारेच थोडे, मग जादा मजल्याचा कागद विकत घेणार कोण?

आता खरी गोम. याच कायद्याच्या कलम 127 प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची कारवाई सुरू केली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरची मुदत पूर्वी 6 महिन्यांची होती, 2009 मध्ये 12 महिने झाली, 2015 मध्ये 24 महिने झाली. तेवढ्यातही काही झाले नाही तर आरक्षण आपोआप संपते. यात मालकाची काही चूक नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आपली जमीन दहा-बारा वर्षे अडवून ठेवावी आणि पैसाही देऊ नये, हे कोणालाच परवडणारे नाही. आपल्यातही असे जमीनमालक आहेतच.

नोटीस आली की नगरपरिषद सभा घेते, ठराव करते, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवते आणि काम झाले असे समजते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितले की पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. 2013 मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात तेच पुन्हा घडले. तेथेही ठराव आणि प्रस्ताव होते, तरी आरक्षण गेले. श्रीरामपूर हे काही मुंबई नव्हे, कळमेश्वरसारखेच नगरपरिषदेचे गाव. त्यामुळे हा निकाल आपल्या नगरसेवकांनी वाचण्यासारखा आहे.

मग गरीब नगरपरिषदेने करावे काय? आमच्या मते पैसा लागत नाही तो मार्ग आधी पाहावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 22 खाली जिल्हाधिकारी बिनदुमाला सरकारी जमीन गुरचरण, दफनभूमी, स्मशान, खळे, बाजार, चामडे सोलण्याची जागा, उद्यान अशा कामांसाठी राखून ठेवू शकतात. एकदा राखली की त्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. बाजार आणि चामड्याची जागा कायद्यातच नाव घेऊन लिहिलेली आहे, हे आपल्या कारागिरांना कोणी सांगत नाही.

विदर्भात आणखी एक जुना कागद आहे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तेव्हा गावची पडीत जमीन सरकारकडे आली. तिचा वापर कसा व्हावा हे निस्तार पत्रकात लिहिले जाते, आणि वहिवाट, वाट, पाणी, मासेमारी यांच्या गावरूढी वाजिब-उल-अर्जमध्ये. उर्दू शाळेत शिकलेल्याला हा शब्द वाचताच कळतो: जे मांडणे वाजिब आहे ते. तहसील कचेरीतल्या बाबूंना मात्र तो नीट वाचताही येत नाही, आणि कागद मागणारा कोणी येत नाही म्हणून तो धूळ खात पडतो. कळमेश्वरच्या आजूबाजूच्या खेड्यांतील आपल्या लोकांनी आपल्या गावचा हा कागद काढून पाहावा.

जागा नगरपरिषदेची स्वतःची असली तरी निर्धास्त राहू नये. बेंगळुरूत उद्यानासाठी ठेवलेली जागा खाजगी रुग्णालयाला देऊन टाकली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. रहिवासी गेले नसते तर रुग्णालय उभे राहिले असते.

बाजारवाल्यांच्या हाती 2014 चा पथविक्रेता कायदाही आहे. 50 वर्षांहून अधिक काळ ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते धंदा करतात, तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पण 50 वर्षे झाली हे दाखवणार कशाने? बाजार फीच्या पावत्यांनी. आपले लोक त्या संध्याकाळी फाडून टाकतात. ज्यांच्या वडिलांच्या पेटीत जुन्या पावत्या असतील, त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवाव्यात.

आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो. प्रारूप प्रसिद्ध झाले की ठरावीक मुदतीत हरकती घेतात आणि नियोजन समिती सुनावणी करते. त्या वेळी बाजाराच्या जागेचा सातबारा काढून मालक कोण, आरक्षण कोणत्या तारखेचे, दहा वर्षे कधी भरतात, हे तीन मुद्दे लिहून द्यावेत आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. अर्ज मराठीतच करावा, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.