वेटसूटची चेन कुठे असावी?

पाणबुड्याचा वेटसूट पाणी पूर्णपणे अडवत नाही. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो. ती ऊब टिकवतात सूटच्या निओप्रीन रबरातले वायूने भरलेले बंद बुडबुडे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते. त्यामुळे आतले पाणी सतत बदलत राहिले तर सूट घालूनही हुडहुडी भरते. पाण्याच्या आत-बाहेर होण्याची एक मोठी वाट म्हणजे चेन.

पाठीवरची चेन सर्वांत रुळलेली. सूट चढवणे सोपे, आणि लांब पट्टी ओढून ती एकट्यालाही लावता येते. पण कण्यावर ती ताठ राहते, त्यावर सिलिंडरचा भार येतो, आणि मान वाकवली की गार पाणी थेट पाठीवर उतरते. चेनच्या आत निओप्रीनचा पडदा नसेल तर असा सूट घेऊच नये.

छातीवर आडवी चेन असली की पाठ अखंड राहते, पाणी कमी शिरते. मात्र गळ्यातून अंग आत सरकवताना खांद्यांचा कस लागतो. ओला सूट उतरवताना तर फारच.

तारकर्लीच्या कोमट पाण्यात ३ मिलिमीटरच्या सूटला पाठीवरची चेन पुरते, असे माझे मत. थंड पाण्यात छातीवरची बरी, कारण १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होऊन निओप्रीन दबते, ऊब आधीच घटलेली असते. खांदा दुखरा असेल तर मात्र पाठीवरचीच घ्यावी.

कुठलीही चेन असो, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. मीठ साचले की ती अडकते.