बहावा लावावा की ताम्हण?

आमच्या अण्णांनी एकोणऐंशीव्या वर्षी झाड लावण्याचा विषय काढला, तेव्हा घरातील सर्वांनाच नवल वाटले. आईच्या निधनानंतर वर्षभर ते खिडकीपाशीच बसून असत. गुडघे दुखतात म्हणून चालणे कमी झाले होते, आणि चालणे कमी झाले म्हणून गुडघे अधिकच आखडले होते. डॉक्टरांनी रोज थोडे चालायला सांगितले होते. परंतु खाली उतरावे असे कारणच त्यांना उरले नव्हते. अशा वेळी एके सकाळी ते स्वतःहून म्हणाले, “खिडकीसमोर एक बहावा लावू या.”

बहावा लावला, आणि तो पहिल्याच पावसाळ्यात गेला. पाने पिवळी पडून गळाली. रोप उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजलेली होती. खिडकीसमोरची जागा सखल आहे. गच्चीवरचे पाणी तेथेच उतरते आणि दिवसेंदिवस साचून राहते. “माझ्या हातून आता काही रुजायचे नाही,” असे अण्णा म्हणाले, ते ऐकून मन कळवळले. दोष त्यांच्या हातांचा नव्हता. जागा एका स्वभावाची आणि झाड दुसऱ्या स्वभावाचे, अशी गाठ आम्हीच घातली होती.

दोन झाडे, दोन माहेरे

बहावा आणि ताम्हण हे दोन्ही आपल्याकडचे देशी, मध्यम उंचीचे, उन्हाळ्यात फुलणारे वृक्ष. बहाव्याला संस्कृतात आरग्वध, तर हिंदीत अमलतास म्हणतात. केरळात विषूच्या सणाला त्याच्या पिवळ्या घोसांचा मान असतो, आणि तो त्या राज्याचा राज्यपुष्पही आहे. ताम्हणाचे जांभळट गुलाबी फूल हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. त्याला जारूळ असेही नाव आहे. बहाव्याचे घोस खाली लोंबतात. ताम्हणाचे तुरे फांदीच्या टोकाशी वर उभे राहतात, आणि त्याच्या पाकळ्यांना चुणीदार रेशमाची घडी असते.

सौंदर्यात डावेउजवे करणे कठीण. भेद आहे तो स्वभावाचा. बहावा हा कोरड्या पानझडी वनांतला. मुरमाड, उताराची, पाणी झरझर निघून जाणारी जमीन त्याला मानवते. एकदा मूळ धरले, की तो बराच काळ पाण्यावाचून तग धरतो. परंतु मुळांशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही. ताम्हण हे कोकणातील आणि सह्याद्रीतील ओढ्यानद्यांच्या काठी वाढणारे झाड. ओलसर, सुपीक, खोल माती त्याला आवडते आणि पावसाळ्यातील ओल ते आनंदाने सहन करते. उलट कोरड्या उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही, तर त्याची वाढ खुंटते. भरपूर ऊन मात्र दोघांनाही हवे. सावलीत लावलेले झाड जगेल, पण मनसोक्त फुलणार नाही.

सावली कधी, पायाखाली काय?

ज्या घरात काठी टेकत चालणारे माणूस आहे, त्या घराने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट सावलीची. बहावा साधारणतः ऐन उन्हाळ्यात पाने गाळतो आणि जवळजवळ उघड्या फांद्यांवर फुलतो. त्यामुळे सावलीची सर्वांत गरज असते, तेव्हाच त्याच्याखाली ती विरळ असते. ताम्हणाची पाने हिवाळ्यात तांबूस होऊन गळतात. उन्हाळा तापेपर्यंत त्याला नवी पालवी फुटलेली असते आणि फुले पानांबरोबरच येतात. बाकाशेजारी लावायचे तर ताम्हण अधिक सोयीचे.

दुसरी गोष्ट पायवाटेची. बहाव्याच्या शेंगा हातभर लांब, काळपट आणि काठीसारख्या गोल असतात. फरशीवर पडलेली अशी शेंग पायाखाली किंवा काठीखाली आली, की घरंगळते आणि तोल जातो. ताम्हणाची फळे लहान व कठीण असतात; ती बराच काळ झाडावरच राहतात. पाकळ्यांचा सडा मात्र दोन्ही झाडांखाली पडतो, आणि पावसात भिजलेला सडा निसरडा होतो. म्हणून झाड पायवाटेपासून चार-पाच पावले आत लावावे आणि बहराच्या दिवसांत वाट रोज झाडून घ्यावी.

औषध म्हणून वापर नको

बहाव्याच्या शेंगेतील गर रेचक आहे, हे अनेक घरांत ठाऊक असते. त्यामुळे बद्धकोष्ठावर तो आपल्याच हाताने घेण्याचा मोह होतो. वार्धक्यात जुलाब झाल्यास शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. चक्कर येते, पडण्याचा धोका वाढतो. ताम्हणाच्या पानांचा काढा मधुमेहावर घेण्याची प्रथा फिलिपाइन्समध्ये आहे. परंतु मधुमेहाची औषधे चालू असताना असा काढा घेतल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. दोन्ही गोष्टी वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नयेत.

लागवड आणि निगा

जागेची परीक्षा सोपी आहे. दोन फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. पाणी काही तासांत जिरले, तर बहावा लावावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर ताम्हणाचा विचार करावा. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल असावा. तो उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. आधाराला बांबू आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. मात्र आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये. भिंतीपासून अंतर ठेवावे आणि वर विजेच्या तारा नाहीत हे पाहावे. पहिले दोन-तीन उन्हाळे दोन्ही झाडांना पाणी द्यावेच लागते.

खणणे आणि खत वाहणे तरुणांनी करावे. पाणी घालणे ज्येष्ठांकडे द्यावे. भरलेल्या बादलीऐवजी अर्धी झारी किंवा नळी बरी. वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची असावी. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी मातीत जाऊ नये; पायाची लहानशी जखमही त्यांना महागात पडते.

दुसऱ्या वर्षी आम्ही खिडकीसमोर ताम्हण लावले आणि फाटकाजवळच्या मुरमाड उंचवट्यावर बहावा. दोन्ही रुजली. एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत साधारण साठ पावले होतात. अण्णा ती रोज सकाळी चालतात आणि वाटेत भेटेल त्याला कोणत्या फांदीला नवे पान आले ते सांगतात. अजून फुले आलेली नाहीत. फुले येईपर्यंत किती वर्षे लागतील, असे नातवाने विचारले तेव्हा ते म्हणाले, “ते झाडाला विचार. मला उद्या सकाळी पाणी घालायचे आहे, तेवढी झारी भरून ठेव.”