दुय्यम संघांची खेळाडूनिवड

अमेरिकेतील एन.बी.ए. या बास्केटबॉल संघटनेने 2001 साली आठ संघांची जी दुय्यम साखळी स्थापिली आणि जी आज जी लीग म्हणून ओळखली जाते (‘जी’ हे एका पेयाचे आद्याक्षर!), तिच्या ‘ड्राफ्ट’मध्ये संघ पाळीपाळीने उमेदवारांच्या फेरिस्तीतून नावे उचलीत, आणि पहिल्या फेरीत आरंभ करणाऱ्याची पाळी दुसरीत शेवटी यावी, असा नागमोडी क्रम मुक्रर असे. ही तोड मला मोठी न्याय्य वाटते. मात्र निवड म्हणजे नेमणूक नव्हे: संघाला केवळ हक्क मिळतो, करारनामा लीगशी होतो, आणि सरावशिबिरात कित्येकांची नावे कमी होतात. पंजाबच्या पालप्रीतसिंग ब्रारला 2016 साली लाँग आयलंड नेट्सने निवडले, पण हंगामापूर्वीच तो गळला. उलट, पहिल्याच ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम पुकारला गेलेला ख्रिस अँडरसन त्याच हंगामात डेन्व्हरच्या मुख्य संघात दाखल झाला.