‘वर’ म्हणजे घाट की उत्तर? : किनाऱ्यावरच्या मुलांचा भूगोल

प्राथमिक शाळेतल्या भूगोलाचा क्रम ठरलेला आहे. आधी घर आणि परिसर, मग जिल्हा, राज्य, देश आणि शेवटी जग. जवळून दूर जाण्याचे हे तत्त्व योग्यच आहे. बालभारतीने तिसरीसाठी जिल्हानिहाय पुस्तके काढली, त्यामुळे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गातील मुलांना आपले आठ तालुके आणि आपल्या नद्या पाठ्यपुस्तकात भेटल्या. पण शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच मुलाच्या मनात एक भूगोल तयार झालेला असतो. पुस्तकाचा भूगोल त्याच्याशी जुळवून दिला नाही, तर मूल दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते. एक कप्पा परीक्षेचा आणि दुसरा जगण्याचा.

सर्वात साधे उदाहरण ‘वर’ या शब्दाचे. कोकणात माणूस घाटावर चढतो आणि कोकणात उतरतो. ‘वर’ म्हणजे सह्याद्रीकडे, पूर्वेला. ‘खाली’ म्हणजे दर्याकडे, पश्चिमेला. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात मात्र वर असते उत्तर. त्यामुळे मालवणच्या मुलाला घाट उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या हाताला मानावा लागतो. तो ते पाठ करतो, पण त्याला दिशा कळत नाही. उपाय बिनखर्चाचा आहे. नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरावा आणि त्यातला समुद्र खऱ्या समुद्राकडे येईल असा फिरवावा. मुले नकाशाभोवती उभी राहिली की ‘वर’चा गोंधळ आपोआप मिटतो. उत्तर ही कागदाची वरची कड नसून एक दिशा आहे, हे त्यांना उमगते. नकाशा भिंतीवर टांगायचा तो यानंतर.

दुसरा गोंधळ ‘खाजण’ या शब्दाचा. भूगोलाच्या पुस्तकात खाजण म्हणजे वाळूच्या दांड्यामागे अडकलेले पाणी. चिल्का सरोवर हे त्याचे ठरलेले उदाहरण. कोकणात मात्र खाजण म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरते ती खाडीकाठची जमीन. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत. शिक्षकाने ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर मुलाच्या घरचा शब्द चुकीचा ठरत नाही. पुळण, खाडी, मळा, भरड, सडा, घाट हा क्रम किनाऱ्यापासून सह्याद्रीपर्यंतचा उभा छेदच आहे. मालवण शहरातल्या ‘भरड’ या भागाच्या नावातही तो शब्द टिकून आहे. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागच्या मुलाला ‘तीन बाजूंना पाणी’ ही कल्पना समजावण्यासाठी दख्खनच्या द्वीपकल्पापर्यंत जावे लागत नाही. शिक्षक घाटावरून आलेले असतील, तर हे शब्द त्यांनी मुलांकडूनच घ्यावेत.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. किनाऱ्यावर एक जुना हिशोब चालतो. तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. पूर्वी शाळेत पाऊणकी पाठ करून घेत. तिचा याहून सार्थ उपयोग क्वचितच सापडेल. यामागचे कारणही मुलांना समजण्यासारखे आहे. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज उशिरा येते. ३० तिथींत ही वेळ २४ तासांचा फेरा पूर्ण करते. म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटे, बरोबर दोन घटका. पाऊण तास ४५ मिनिटांचा. तोंडी हिशोबाच्या सोयीसाठी तीन मिनिटे सोडून दिलेली आहेत. शिवाय प्रत्येक बंदराची वेळ थोडी पुढेमागे असते. चौथीच्या मुलांनी महिनाभर जेटीवर किंवा खाडीच्या धक्क्यावर वेळा नोंदवल्या, तर आपल्या बंदराची दुरुस्ती त्यांना स्वतः काढता येते. उधाण आणि भांग यांतला फरकही त्याच वहीत दिसतो. निरीक्षण, नियम आणि नियमाची मर्यादा, असे विज्ञानाचे तिन्ही धडे त्यात येतात.

हे सारे हौसेपुरते नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, तिच्या जागी २०११ आणि २०१९ मध्ये नव्या आल्या. घर कुठे बांधता येईल, कुठे नाही, हे या नियमांत भरतीरेषेपासून मोजले जाते. त्या रेषेचे नकाशे तयार होतात आणि हरकतींसाठी लोकांसमोर ठेवले जातात. नकाशा वाचता न येणारा माणूस तिथे गप्प बसतो, आणि स्वतःच्या अंगणातून गेलेली रेषा त्याला दिसत नाही. देवबाग आणि तळाशीलसारख्या वाळूच्या पट्ट्यांवर समुद्र किनारा खात असताना हे गप्प बसणे महाग पडते.

उधाणाचे पाणी कुठवर आले तिथे खुंटी रोवायची, पुढच्या उधाणाला पुन्हा पाहायचे आणि अंतर पावलांनी मोजून वहीत उतरवायचे. हा पाठ तिसरी-चौथीच्या मुलांना सहज झेपतो. ती मुले मोठेपणी ग्रामसभेत बसतील तेव्हा समोरच्या नकाशावरची रेषा कशी काढली, हे विचारण्याची त्यांना सवय असेल. किनाऱ्यावरच्या शाळेने भूगोलाकडून एवढी अपेक्षा तरी ठेवावी.